अमरत्व, हजार अक्षरांच्या दराने

सोंग शूहांग नावाच्या कॉलेजच्या पोराला कुणीतरी चुकून एका चॅट ग्रुपमध्ये घेतं. ग्रुपवर कुणी दीडशे वर्षांच्या समाधीतून उठलाय, कुणी आकाशातली वीज अंगावर झेलून पुढची पायरी चढतोय, आणि ॲडमिनचा कुत्रा पुन्हा घर सोडून पळालाय. पोराला वाटतं, पुराणकथा वाचून डोकी फिरलेली रिकामटेकडी माणसं. तरी गंमत म्हणून तो ग्रुप सोडत नाही. आणि मंडळी निघतात अस्सल सिद्धपुरुष. कुत्रासुद्धा मायावी.

‘लेजंड ऑफ द पॅलाडिन’ या टोपणनावाच्या लेखकाची ‘कल्टिव्हेशन चॅट ग्रुप’ ही चिनी कादंबरी 2015 पासून ‘चीदियान’ या संकेतस्थळावर हप्त्याहप्त्यानं आली. साधना करत अमर व्हायचं, हा तिकडचा जुना मसाला. त्यासाठी एरवी डोंगर, गुहा, गुरू आणि खून झालेले आईबाप लागतात. इथं हॉस्टेलची खोली पुरते. देह कणखर करणारा काढा पोरगा इंडक्शनवर, हॉटपॉटच्या भांड्यात उकळतो. दिव्य भट्टीवाचून काढा होतो म्हटल्यावर ग्रुपमधले जाणते वैद्य धावत येतात. शेकडो वर्षांची तपश्चर्या आणि एक स्वयंपाकाचं भांडं यांना शेजारी बसवण्यातली गंमत लेखकाला नेमकी कळली आहे.

त्याहून नेमका कळलाय तो ग्रुप. जिभेला हाड नसलेला, मोठ्यांची खोडी काढून मार खाणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करणारा एक तलवारबहाद्दर त्यात आहे. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तो आहे, फक्त तिथं कुणी मारत नाही. समाधीतून उठलेले ज्येष्ठ व्हाइट हाती येईल ते यंत्र खोलून बसतात. आपल्याकडे निवृत्त झालेले काकाही हेच करतात, पण काकांचं रूप बघून रस्त्यानं चालणारे धडाधड तोंडावर आपटत नाहीत. माणूस अमर झाला तरी ग्रुपवर तो माणूसच राहतो, हे या कादंबरीचं खरं बळ.

मग बिघडतं कुठं? पायऱ्यांवर.

साधनेच्या एकूण 9 पायऱ्या. एकेकीवर ग्रुपमधल्या बुजुर्गांची हयात गेलेली. आपला पोरगा मात्र काही महिन्यांत भराभर वर. पहिल्यांदा यावर ग्रुप चकित होतो तेव्हा आपण हसतो. विसाव्यांदा चकित होतो तेव्हा आपण बोटानं पान सरकवतो. पोरगा जसजसा चढतो तसतशी हॉस्टेल, परीक्षा, इंडक्शन ही सगळी खाली राहतात. वर उरतात नुसती विश्वं, विजा आणि आणखी मोठी विश्वं. ज्या आधुनिक जगाच्या जोरावर दुकान थाटलं, तेच गुंडाळून ठेवलं.

दोष एकट्या लेखकाचा नाही. चीदियानवर 2003 पासून धंद्याची रीत अशी की सुरुवातीची प्रकरणं फुकट आणि पुढची हजार अक्षरांमागे काही पैसे मोजून. फुकटचा भाग घट्ट का असतो आणि विकतचा पातळ का, हे वेगळं सांगायला नको. या पातळपणाला चिनी वाचकही ‘पाणी’च म्हणतात. म्हणजे आपले दूधवाले आणि त्यांचे लेखक एकाच घराण्यातले. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनीही हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण प्रत्येकीला शेवट होता. आरोपी सापडला की पुस्तक मिटायचं. इथं नायक अमर, म्हणजे कथा मरणार कशी? अक्षरावर पोट असलेल्या लेखकाला याहून सोयीचा नायक कुठून मिळणार? प्रकरणं तीन हजारांवर गेली.

तरीही सांगतो, पहिली दोनशे वाचा. इंग्रजी अनुवाद मिळतो. जेवताना वाचू नका, घास नाकात जातो. पुढं कुठं थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी नऊशेव्या प्रकरणाला ग्रुप म्यूट केलाय. सोडलेला नाही.