चालवून घेण्याचे दिवस

पूर्वी केबलवर चित्र बिघडायच्या नाना परी होत्या. मुंग्या येणं ही त्यातली सर्वांत सौम्य. मग भुतं: बातम्या देणाऱ्या बाईंच्या खांद्याशी त्यांचीच फिकट आवृत्ती बसून त्याच बातम्या देऊ लागायची. कधी चित्र वरून खाली सरकत राहायचं, कधी रंग उडायचे, कधी नुसता आवाज यायचा. यातल्या कुठल्याही अवस्थेत मालिका बघायचं मात्र कोणी थांबत नसे. सासू कोण, सून कोण हे पार्श्वसंगीतावरून कळतच होतं. तक्रार केली तर केबलचा मुलगा विचारायचा, "काकू, दिसतंय ना पण?" आणि काकू प्रामाणिक असल्यामुळे म्हणायच्या, "दिसतंय तसं."

दोष मुलाचा नव्हता. अॅनालॉग सिग्नल वायरीतून जितका लांब जाईल तितका अशक्त होतो. मध्ये अॅम्प्लिफायर बसवला तर तो सिग्नलला बळ देतो, आणि वाटेत जमलेल्या खरखरीलाही तेवढंच देतो. गच्चीवरून गच्चीवर, मग आंब्याच्या फांदीवरून पलीकडच्या इमारतीत, अशी वायर जायची. शेवटच्या घराच्या वाट्याला मुंग्या जास्त. पैसे मात्र सगळ्यांना सारखेच.

अंदाजपंचे कारभार दुसऱ्या टोकालाही होता. एका वायरीवर किती घरं आहेत हे फक्त केबलवाल्याला ठाऊक. वरच्यांना तो जो आकडा सांगायचा, तो विनयशील असायचा. वाहिन्यांचे पैसे आणि सरकारचा करमणूक कर त्या विनयावरच ठरत. म्हणजे आम्ही मुंग्या चालवून घेत होतो, वाहिन्या आकडा चालवून घेत होत्या, आणि १९९१च्या आखाती युद्धानंतर वाढत गेलेला हा सगळा पसारा देश चालवून घेत होता.

हे संपवायला २०११मध्ये संसदेने केबलच्या १९९५च्या कायद्यात दुरुस्ती केली. आता घरोघरी सेट टॉप बॉक्स. प्रत्येक बॉक्सला क्रमांक, म्हणजे घरं मोजली जाणार. शिवाय अॅनालॉगच्या एका वाहिनीच्या जागेत डिजिटलच्या दहाएक वाहिन्या मावतात, हाही फायदा. मुंबईसाठी तारीख ठरली ३० जून २०१२. ती गेली ३१ ऑक्टोबरवर. पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांची ३१ मार्च २०१३. खेड्यांसाठी चौथा टप्पा, त्याची मुदत आधी २०१४ची अखेर, मग २०१६ची अखेर, मग मार्च २०१७. डिजिटल युग आलं ते असं, अगदी अॅनालॉग पद्धतीने.

चित्र मात्र खरंच लखलखीत झालं. नटाने दाढी कुठे नीट केलेली नाही तेही दिसू लागलं. पण या चित्राचा स्वभाव करारी. सिग्नल एका मर्यादेपर्यंत कितीही घसरला तरी ते निर्दोष राहतं. ती मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोन होतात, नायिका तोंड उघडं ठेवून थिजते आणि पडद्यावर पाटी येते: सिग्नल नाही. 'दिसतंय तसं' म्हणायला जागाच नाही. पैशांचंही तसंच. केबलचा मुलगा पूर्वी दारात उभा राहिला की "पुढच्या महिन्यात एकदम देते" हे उत्तर चालायचं. बॉक्सला पुढचा महिना ठाऊक नसतो.

क्रिकेटचं वेगळंच. डिजिटल चित्र आकुंचित करून पाठवायचं, बॉक्सने ते उलगडायचं, यात वेळ जातो; आणि तो प्रत्येक सेवेत सारखा नसतो. त्यामुळे समोरच्या इमारतीत आरोळी उठते तेव्हा आमच्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो. षटकार बसणार हे माहीत असताना चेहऱ्यावर उत्कंठा ठेवणं हा नव्याने शिकावा लागलेला अभिनय.

मग २०१९मध्ये नियामकाने सांगितलं, हव्या त्याच वाहिन्या निवडा. शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, आणि सशुल्क वाहिन्यांचे दर वेगळे. इतकी वर्षं "नको ते शंभर चॅनल" म्हणून कुरकुरणारे आम्ही यादी हातात येताच गप्प झालो. एकेका वाहिनीवर घरात बैठका झाल्या. मुदत होती जानेवारीअखेरची. देशभर इतके लोक न निवडताच बसून राहिले की ती मार्चअखेरपर्यंत वाढली, आणि कंपन्यांना सांगण्यात आलं की अशांना त्यांच्या सवयीला साजेसं काहीतरी तुम्हीच द्या.

आमच्या घरीही शेवटी सासूबाईंनी केबलवाल्याला फोन करून सांगितलं, "नेहमीचे असतात ते दे रे बाबा." त्याने दिले. त्यात त्यांची कीर्तनाची वाहिनी नव्हती आणि कोणी न मागितलेली एक भोजपुरी होती. मी लगेच तक्रार करायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं. गाणी बरी असतात त्यांची."