घडलेली पिढी

‘आम्हीपण मार खाल्ला, बिघडलं का काही आमचं?’ असं विचारणारे काका त्याच वेळी नो एंट्रीतून स्कूटर दामटत असतात, मागे नातू, दोघांनाही हेल्मेट नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २००९ सालीच शाळेतली छडी आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. तेव्हापासून उठाबशा हा ‘व्यायाम’ झाला आणि कान पिळणं ही ‘माया’. घरातल्या चापटीवर थेट बंदी नाहीच. स्वीडननं १९७९ मध्ये आईबापांचेही हात बांधले; देश काही बुडाला नाही. आपल्याकडे पालकच गुरुजींना सांगतात, ‘द्या दोन ठेवून, आमची हरकत नाही.’

हरकत कायद्याची आहे, साहेब. आणि गाल तुमचा नाही.