मुक्काम पोस्ट अपडाऊन

अपडाऊन हा पूर्व विदर्भातल्या नोकरदाराचा मुख्य व्यवसाय असून नोकरी हा त्यातला मधला, तुलनेने विश्रांतीचा टप्पा होय. सकाळी शहरातून निघणे, दुपारी मुख्यालयी दिसणे आणि संध्याकाळी पुन्हा शहरात उगवणे अशी त्याची तीन अंगे आहेत. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा अर्जुनी मोरगाव तालुका या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे. रोज गाठता येईल इतका तो जवळ आहे आणि तिथे राहणे टाळता येईल इतका लांब.

राज्याच्या दुसऱ्या कडेला, मुंबईच्या आसपास, याच विद्येची एक श्रीमंत शाखा नांदते. तिथला माणूस शहराला कंटाळून आपल्या खुशीने पाण्याकाठी घर करतो आणि पोटासाठी शहरात जातो. त्याच्यासाठी 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली, मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. अर्जुनी मोरगावात सगळे उलट आहे. इथे काम पाण्याकाठी आणि घर शहरात. समुद्र नाही ही उणीव मान्य करावी लागते. सरळ रेषेत मोजले तर कोकणापेक्षा आंध्रचा किनारा जवळ पडतो, आणि तोही पाचेकशे किलोमीटरवर. पण पाण्याला तोटा नाही. कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते ते नवेगावबांध आहे, गाढवी नदीवरचे इटियाडोह आहे, शिवाय गावोगावचे मालगुजारी तलाव आहेत. अलिबागच्या बंगल्यांच्या जाहिरातीत पाणी, झाडी, शुद्ध हवा आणि रात्रीची शांतता एवढ्याच चार गोष्टी विकायला असतात. त्या चारही शासन इथे नियुक्तीच्या आदेशासोबत फुकट देते. त्यातली शेवटची अनुभवायला मात्र कोणी थांबत नाही.

नव्याने रुजू होणाऱ्याचा पहिला प्रवास बहुधा चुकीच्या गावी संपतो. जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत, दोन्ही तालुक्याची ठिकाणे आहेत, आणि नागपूरहून रायपूर रस्त्याने येणाऱ्याला सडक अर्जुनी आधी लागते. तिथे उतरून चौकशी केल्यावर आपली अर्जुनी वेगळी असून ती अजून बरीच पुढे, कोहमाऱ्याहून नवेगावबांधच्या रस्त्याने आत आहे, असे कळते. इथे राहायचे नाही, हा निर्णय साधारण याच वळणावर होतो. कार्यालयाची इमारत त्याने तोवर पाहिलेलीही नसते.

राहणे मात्र सक्तीचे आहे. ग्रामविकास विभागाच्या 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयानुसार शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव सादर करायचा असतो. या निर्णयामुळे ग्रामसभेच्या कामकाजात एक तात्त्विक विषय दाखल झाला. डोळ्यांना न दिसणारी व्यक्ती गावात आहे की नाही, यावर गावाने बसून मत द्यायचे. गावेही समजूतदार असतात. गुरुजी रोज येतात हे काय कमी आहे, असा व्यवहारी विचार होतो. शिवाय दाखले, उतारे आणि घरकुलाच्या यादीसाठी उद्या याच मंडळींच्या दारात उभे राहायचे असते. ठराव मंजूर होतो आणि शहरातून तलावाकाठी स्थलांतराची क्रिया कायदेशीररीत्या पूर्ण होते. मुंबईकराला अलिबागला बस्तान हलवायला वर्ष-दोन वर्षे आणि भरमसाट पैसा लागतो. इथे एका ठरावात काम भागते. सामानसुद्धा हलवावे लागत नाही.

ठरावाला चिकटून घरभाडे भत्ता येतो. सातव्या वेतन आयोगानंतर राज्याने 2019 मध्ये जे दर ठरवले, त्यात शहरांच्या वर्गवारीप्रमाणे मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्के अशा तीन पायऱ्या होत्या. नागपूर मधल्या पायरीवर, अर्जुनी मोरगाव तळाशी. यावरून नोकरदार एक हिशोब मांडतो, तो ऐकण्यासारखा आहे. भत्ता गावाच्या दराने मिळतो आणि भाडे शहराच्या दराने जाते, म्हणजे या व्यवहारात फसवणूक त्याचीच होते. न राहिलेल्या घराचे भाडे कमी मिळते ही जगातली बहुधा एकमेव तक्रार असावी.

ऑगस्ट 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय काढला. मुख्यालयी न राहता भत्ता घेणाऱ्या शिक्षकांवर त्यांचा रोख होता. शिक्षकांनी मोर्चे काढून उत्तर दिले. आमदार स्वतःच्या मतदारसंघात किती रात्री काढतात, हा प्रतिप्रश्नही राज्यभर विचारला गेला. ठरावाची अट लोकप्रतिनिधींना लागू नसल्याने तो अनुत्तरित राहिला.

आता साधने. रेल्वे हे सर्वांत जुने साधन. गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे जाणारी नॅरोगेज बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकली. 1990 च्या दशकात तिचे ब्रॉडगेज झाले. स्थानकाच्या पाटीवर नुसते ‘अर्जुनी’ आहे, मोरगाव गाडीत चढू शकलेले नाही. मार्ग एकेरी असल्याने मालगाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर मध्येच थांबते. या थांब्यांत तालुक्याच्या प्रशासनाचे बरेच काम उरकते. फाइलींवर सह्या होतात, बदल्यांची बातमी फुटते, भाजी निवडून होते. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशाह या 240 किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. सरकारी पत्रकात मालवाहतूक आणि प्रादेशिक विकास ही कारणे आहेत. एमएसटी, म्हणजे मासिक पास काढणाऱ्यांनी या मंजुरीचा अर्थ आपल्या परीने लावला आहे.

दुसरे साधन एसटी, तिसरे चार जणांत एक मोटार. मोटारीची पद्धत अधिक प्रतिष्ठेची. पेट्रोल वाटून घेतले जाते, गाडी आळीपाळीने काढली जाते आणि चौघांपैकी एकाची रजा असली की उरलेल्या तिघांनाही साधारण तशीच निकड वाटू लागते. काळीपिवळी हे शेवटचे साधन. ती गाडी चुकलेल्यांसाठी आहे, त्यामुळे तिच्यात साहेब आणि शिपाई मांडीला मांडी लावून बसलेले आढळतात. समतेचे इतके जवळचे दर्शन कार्यालयात होत नाही.

मुख्यालयातला दिवस थोडक्यात आटोपतो, म्हणून त्याचे वर्णनही थोडक्यात. आल्यावर गाडी का लेट झाली याची चर्चा होते, जेवणानंतर परतीची गाडी वेळेवर आहे का याची. मधल्या काळात लोकांची कामे होतात, आणि हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे की पुष्कळदा चांगली होतात. मर्यादित वेळेत काम उरकण्याची कला याच मंडळींना साधलेली असते. खुर्ची रिकामी असल्यास हालचाल नोंदवही पाहावी. तिच्यात ‘मिटिंग’, ‘दौरा’ आणि ‘व्हिजिट’ अशा नोंदी असतात. मिटिंग नेहमी घराच्या दिशेने असते.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा ठरली. कागदावर दिवस वाढला, आठवडा घटला. गाड्यांचे वेळापत्रक मात्र जुनेच राहिल्याने अपडाऊन करणाऱ्याला नव्या व्यवस्थेतला दुसरा भाग तेवढा अमलात आणता येतो. शुक्रवारची दुपार शनिवारात केव्हा मिसळते, हे ठरवणे कठीण आहे. लोकशाहीलाही इथे लवकर निघायची सवय आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत जिल्ह्याच्या काही भागांत संध्याकाळपर्यंत मतदान चालले असताना अर्जुनी मोरगाव क्षेत्रात ते सुरक्षेच्या कारणावरून दुपारी 3 वाजता संपवण्यात आले.

न राहण्याची कारणे विचारली असता ती सगळी खरी निघतात, ही या विषयातली सर्वांत अडचणीची गोष्ट होय. क्वार्टर असते, तिच्या छतावर ताडपत्री असते आणि आत जुन्या दप्तराचे गठ्ठे. मुलांना नीटची शिकवणी लावायची तर ती नागपुरात. बायको भंडाऱ्याला नोकरीला. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या नियमातले 30 किलोमीटर दोन तालुक्यांच्या फटीत हरवतात. रात्री कोणी आजारी पडले तर डॉक्टर कुठून आणायचा? डॉक्टरही शहरातून येतो आणि शहरात जातो, कारण त्याच्या मुलांसाठी इथे चांगली शाळा नाही. शाळा चांगली नाही, कारण शिक्षक राहत नाही. शिक्षक राहत नाही, कारण रात्री डॉक्टर नसतो. हे तिघे रोज सकाळी एकाच डब्यात समोरासमोर बसून येतात. आपण तिघे राहिलो तर तिघांचीही अडचण संपेल, हे त्यांना माहीत आहे. आधी कोणी राहायचे, एवढाच मुद्दा प्रलंबित आहे.

तालुक्यात मुक्काम करून राहणारे कोणीच नाही असे मात्र नाही. हिवाळ्यात नवेगावबांधला मध्य आशियाकडून पट्टकादंब येतात आणि मोसम संपेपर्यंत इथेच थांबतात. त्यांच्याकडून कोणी ठराव मागत नाही. दुसरे उदाहरण अधिक गैरसोयीचे आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी गोठणगाव परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. हिमालयापलीकडच्या थंडीतून आलेली ही माणसे झाडीपट्टीच्या मे महिन्यात राहिली, शेती शिकली, मंदिर बांधले, मुलांना शाळेत घातले. थंडीत ती स्वेटर विकायला दूरच्या शहरांत जातात आणि विक्री संपली की घरी परततात. घर म्हणजे गोठणगाव. ल्हासाहून निघालेल्याला जे गाव राहण्याजोगे वाटले ते साकोलीहून येणाऱ्याला का वाटत नाही, याचा खुलासा कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही.

कर्मचारी खरोखर मुक्काम करतो असे प्रसंगही नोंदवले पाहिजेत. पहिला निवडणुकीच्या आदल्या रात्रीचा, तो नाइलाजाचा. दुसरा दिवाळीनंतरच्या मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपते. ते पाहून माणूस सकाळी थेट कार्यालयात हजर होतो. त्या दिवशी त्याच्याइतका वक्तशीर कर्मचारी राज्यात नसतो, फक्त त्याला उठवावे लागते.

अपडाऊनचा एक उपप्रकार कोणत्याही अहवालात येत नाही. तालुक्यातली केशोरी ही तिथल्या मिरचीसाठी प्रसिद्ध. तिच्या आजूबाजूच्या खेड्यांतला शेतकरी उताऱ्यासाठी, पीक विम्यासाठी किंवा धानाच्या बोनसची चौकशी करायला तालुक्याला येतो. त्याची बस साहेबांच्या गाडीच्या आधी पोचते आणि साहेबांची गाडी त्याच्या पाळीच्या आधी निघते. मग तो परत जातो व दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. नियमितपणा पाहता खरा अपडाऊन हाच करतो. त्याला प्रवासभत्ता नाही, पास नाही आणि मुख्यालयी राहत असल्याबद्दल कोणी घरभाडेही देत नाही. पावसाळ्यात बांधीत साप चावतो तो गाडीचे वेळापत्रक पाहून चावत नाही, त्यामुळे काही प्रवास रात्रीही करावे लागतात, आणि ते शहराच्या दिशेने असतात.

हजेरीच्या यंत्रांनी या शास्त्रात बरीच भर घातली आहे. अंगठ्याचे यंत्र आले तेव्हा नेमकी वीज जाऊ लागली. आता चेहरा आणि ठिकाण दोन्ही ओळखणारे मोबाइल ॲप आले आहे, तर जंगलालगतच्या गावांत नेटवर्क मिळत नाही, आणि या एका बाबतीत कर्मचाऱ्याची तक्रार खरी असते. ॲपला चेहरा कार्यालयात दिसला की काम झाले. तो रात्री कुठल्या उशीवर असतो, हे विचारण्याची त्याच्यात सोय नाही.

बदली हा शेवटचा टप्पा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी 2017 च्या धोरणाने अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी विभागणी केली. अवघड क्षेत्रात 3 वर्षे काढणाऱ्याला पसंतीच्या गावी बदली मागण्याचा अधिकार मिळतो. वर्षे सेवेची मोजतात, रात्री मोजत नाहीत. त्यामुळे एखाद्या गावात एकही रात्र न काढता तिथे राहण्याच्या हालअपेष्टांबद्दल सवलत मिळवता येते. आदेश ऑनलाइन निघतो, निरोपसमारंभ परतीच्या गाडीच्या आत उरकला जातो, गावकरी शाल-श्रीफळ देतात आणि गुरुजी गावच्याच घरातले एक होते असे भाषणात सांगतात. नवे गाव शहराच्या जवळ असते, पण तेही मुख्यालयच असते. तिथे रुजू झाल्यावर तिथल्या ग्रामसभेचा ठराव नव्याने सादर करावा लागतो.