बेरजेचे भाऊ

घाटंजीच्या माणसाचा जिल्हा यवतमाळ, आमदार आर्णी मतदारसंघाचा, खासदार चंद्रपूरचा आणि पदवीधरांचा आमदार अमरावती विभागाचा. एवढ्या पसाऱ्याचा हिशेब कुणीतरी ठेवायलाच हवा. तो पानठेल्यावरचे भाऊ ठेवतात. गावोगावी असा एक इसम असतोच. त्याच्या लेखी निवडणुकीत कुणी पडत नाही, फक्त मतं फुटतात.

भाऊंच्या खिशात वजनकाट्याच्या जुन्या पावत्या असतात. खर्रा घोटता घोटता ते एक पावती पालथी करतात आणि 2019 ची चंद्रपूर लोकसभा मांडतात : काँग्रेसचे बाळू धानोरकर 5,59,507, भाजपचे हंसराज अहीर 5,14,744, वंचितचे राजेंद्र महाडोळे 1,12,079. मग तिसऱ्या आकड्याखाली दोन रेघा ओढून विचारतात, "आता हे लाखभर मतं उचला अन् अहीरांच्या खाती टाका. कोण पडलं?"

हे झालं चहा भाजपवाल्याचा असेल तर. काँग्रेसवाल्यानं पाजला, तर तीच मतं धानोरकरांकडे जातात आणि 44,763 ची आघाडी दीड लाखावर पोचते. एकदा वंचितचाच एक पोरगा म्हणाला, "भाऊ, आमचे मतं आमच्याच माणसाले होते." भाऊंनी खर्रा तोंडात टाकला. "तुले राजकारण समजत नाही, बाबू."

भाऊंना कायदा मात्र पाठ आहे. 2009 साली अहीरांना जेमतेम एक तृतीयांश मतं पडली. नरेश पुगलिया आणि वामनराव चटप यांच्यात बाकीची बरीचशी वाटली गेली आणि अहीर दिल्लीला गेले. "जास्त मतं ज्याले, तो खासदार. निम्मे पायजेत, असं कुठी लिवलं हाय?" खरंच कुठे लिहिलेलं नाही. 2024 ला प्रतिभा धानोरकर 2,60,406 मतांनी निवडून आल्या, तेव्हा कुणाचीही मतं कुठेही टाकून निकाल फिरेना. तो उन्हाळा भाऊंना फार जड गेला.

खरा घात केला तो 2023 च्या अमरावती पदवीधर निवडणुकीनं. तिथं मतपत्रिकेवर 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे असतात. निम्म्याहून जास्तीचा कोटा पहिल्या पसंतीत कुणालाच गाठता आला नाही. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांची मतं, मतदारानं स्वतः लिहिलेल्या पुढच्या नावाकडे गेली. 2 फेब्रुवारीला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवशी संपली, तेव्हा काँग्रेसचे धीरज लिंगाडे जिंकले होते आणि भाजपचे रणजित पाटील हरले होते. भाऊ बी.कॉम. असल्यानं मतदार होते, पण पावती काही त्यांनी काढली नाही. कुणीतरी डिवचलं, "भाऊ, मतं कोणाची फुटली?"

"त्याईनं सोताच लिवून देलं ना कोणाले द्याचं ते! मंग आपण कायले हाव इथं?"

भाऊंनी घाबरू नये. लोकसभेच्या यंत्रावर बटण एकदाच दाबायचं असतं, दुसरी पसंती तिथं कुणी विचारत नाही. जोवर मतदाराला ती विचारली जात नाही, तोवर त्याच्या वतीनं भाऊच ती सांगणार आणि चहाचे पैसे तुम्हीच देणार.