टू बाय टू

टाइल्सच्या दुकानात ‘टू बाय टू’ मागितली की जी फरशी पुढे येते, तिची बाजू ६०० मिलिमीटर असते. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. मधले साडेनऊ मिलिमीटर कुठे गेले, असं विचारू नये. दुकानदार आधी तुमच्याकडे आणि मग सहानुभूतीने तुमच्या बायकोकडे बघतो.

आता दहा फुटांची खोली घ्या. (करारनाम्यात ती ३.०५ मीटर असते, पण तो कागद लॉकरमध्ये असतो.) दहा फुटांत दोन फुटी पाच फरश्या बसतात, हे तिसरीतलं पोरही सांगेल. बसतात, आणि सांधे धरूनही दीड इंचाची पट्टी उरते. मग मिस्त्री एक अख्खी फरशी घेतो, कटर लावून तिची चिंचोळी चिरफळी काढतो आणि बरोबर दारासमोर बसवतो. येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढताना ती बघतो. मिस्त्रीचा दोष नाही. त्याच्या टेपवर एका कडेला इंच, दुसरीला सेंटीमीटर. तो आतून ओरडतो, ‘चार फूट दोन इंच, वर पाच एमएम!’ आणि बाहेरचा पोरगा तेवढंच कापतो, केसाचा फरक नाही. या दोघांपुढे मी हात जोडतो.

माझं भांडण खोक्याशी आहे. एका खोक्यात चार फरश्या. खोक्यावर छापलेलं असतं १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. बिलात मात्र सोळा. का? तर दोन दुणे चार, चार चोक सोळा. दुकानदाराचे पाढे पक्के आहेत. साठ रुपये फुटाचा भाव धरला तर खोक्यामागे तीस रुपयांची निव्वळ हवा आपण विकत घेतो, टेंपोत घालून घरी आणतो आणि हमालाला तिसऱ्या मजल्यावर चढवायला लावतो.

‘अहो, जुनी मापं लोकांच्या तोंडात बसलीत, चालायचंच,’ असं म्हणणारे भेटतात. चालू द्या की! पण ही सरमिसळ नेहमी एकाच बाजूला कशी कलते? गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर असतो आर, म्हणजे १०७६. एजंट म्हणतो, ‘आर म्हणजेच गुंठा हो!’ दहा गुंठ्यांत सव्वाशे फूट गेले. एक खोली गेली, चिरफळीसकट. आजीच्या काळी तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आता दहाचा. लग्नाच्या बैठकीत ‘दहा तोळे घालू’ असं छातीवर हात ठेवून सांगणारा सासरा तिथल्या तिथे साडेसोळा ग्रॅम वाचवतो. जुनं माप तोंडात, नवं माप हातात, आणि मधली फट कायम घेणाऱ्याच्या नशिबी. एकदा तरी, चुकून तरी, कुणी मागितला आर आणि मिळाला गुंठा, असं ऐकलंय का तुम्ही? भाव सांगायचा, जाहिरात करायची, बिल फाडायचं ते मेट्रिक मापातच, असं २००९ चा वैधमापन कायदा सांगतो. तो लागू आहे बरं का! कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या अर्ध्या किलोवर शिक्का नसेल तर तिला दंड होतो. तिचा तराजू उचलून बघणाऱ्या एकालाही फरशीच्या खोक्यावरचा आकडा वाचायला चष्मा मिळत नाही.

परवा बिल देताना मी दुकानदाराला म्हटलं, तुमच्याच हिशेबाने देतो. हे सत्त्याण्णव रुपये, शंभर धरा.

‘साहेब,’ तो गंभीर झाला, ‘पैशाच्या बाबतीत चेष्टा नको.’