पायाला, हाताला की बुडाला?

तुमच्याही सोसायटीत एक नाना असणारच. आमचे नाना पार्किंगमध्ये राहतात. म्हणजे फ्लॅट त्यांचा दुसऱ्या मजल्यावर आहे, पण तिथे ते फक्त जेवायला आणि झोपायला जातात. कुणी गाडीचं दार जरा जोरात लावलं, की खांबामागून नाना प्रकट होतात आणि बिजागरीवर बोलू लागतात.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या जुन्या छोट्या गाडीचा ब्रेक उड्या मारू लागला. साठच्या वेगात हलकेच दाबला, की पेडल तळव्याला धपधप ढकलायचं. गाडी मंदावली की धपधपही मंदावायची. हे मी बायकोला जिन्यात, अगदी हळू आवाजात सांगत होतो. तरी खालून प्रश्न आलाच.

"पायाला, हाताला की बुडाला?"

बायको घरात निघून गेली.

प्रश्न तसा शास्त्रशुद्ध आहे. ब्रेक लावताना थरथर स्टिअरिंगमधून हाताला आली तर संशय पुढच्या डिस्कवर. सीटमधून बुडाला आली तर मागच्या ड्रमवर. नुसती पायाला आली तर दोघांपैकी कुणीही. आणि ब्रेक न लावताही गाडी थरथरत असेल, तर ब्रेकला सोडा, चाकांचं बॅलन्सिंग बघा. इथवर कुणाची हरकत नाही. पण नाना हा प्रश्न गाडीपुरता ठेवतील तर शपथ. लिफ्ट हादरते अशी तक्रार सोसायटीच्या वार्षिक सभेत आली, तेव्हा त्यांनी तक्रारदार बाईंना भर सभेत हेच विचारलं. इतिवृत्तात काय लिहावं यावर सेक्रेटरी अजून विचार करताहेत. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत धडधडू लागलं, तर रुग्णवाहिका येईपर्यंत नाना उशाशी बसून विचारत होते, "कायम धडधडतं, की फक्त वेग कमी करताना?" एका नवविवाहिताने घरातल्या कटकटींबद्दल सहज तोंड उघडलं. त्यालाही तोच प्रश्न. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "हाताला." नानांनी तत्काळ निदान केलं, "मग दोष पुढचा आहे. मागच्यांना, म्हणजे सासूबाईंना, उगाच बोल लावू नकोस."

माझं उत्तर होतं: पायाला आणि थोडं हाताला. नानांचे डोळे चमकले. "टेस्ट घ्यावी लागेल. मोकळा रस्ता पाहिजे."

पुण्यात मोकळा रस्ता पहाटे असतो आणि नानांच्या मते तो नेहमी मंडईच्या दिशेला असतो. ते डावीकडे बसले, मांडीवर पिशवी. मागे कुणी नाही असं पाहून तीसच्या वेगात हँडब्रेक ओढायला लावला; बेताबेताने, बटण दाबूनच धरायचं, म्हणजे हवा तेव्हा सोडता येतो. जुन्या छोट्या गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमांना लागतो. गाडी निमूट मंदावली. "मागचे निर्दोष," असा निकाल देऊन नाना मेथी आणायला उतरले.

त्याआधी मी एका वर्कशॉपात जाऊन आलो होतो. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने गाडीला हातही न लावता डिस्क, पॅड, ड्रम, लायनर अशी यादी टॅबलेटवर काढली होती. ती ऐकून नाना इतके दुखावले, की मला वाटलं खर्च त्यांनाच येणार आहे.

नानांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये चाक उतरवलं. मेकॅनिक म्हणाला, "डिस्क बेंड झालीये." नाना उसळले. "बेंड नाही! जाडी कमीजास्त झालीये!" मग व्याख्यान. टायरच्या दुकानात पोरं मशीनने नट कसेही आवळतात, समोरासमोरचे बेताने आवळत नाहीत. त्यात हबवर गंजाचे पापुद्रे. डिस्क किंचित तिरकी बसते. तिरकी डिस्क ब्रेक न लावताही दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते. काही हजार किलोमीटरांत ती जागा झिजते. मग ब्रेक लावला की जाड भाग पॅडना मागे रेटतो, पिस्टन ऑइल मागे ढकलतो, आणि ते येऊन थेट तळपायावर थडकतं. पाप टायरवाल्याचं, शिक्षा सहा महिन्यांनी. डायल गेज लावून डिस्क हाताने फिरवली. काटा एका जागी उडी घ्यायचा. एक दशांश मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाएवढी जाडी, तेवढाही तिरकेपणा पुष्कळ झाला. हब घासून साफ झाला, डिस्क लेथवर गेली. किमान जाडीपेक्षा खाली जाता कामा नये म्हणून मेकॅनिकने मायक्रोमीटर लावला आणि नानांनी त्याच्या खांद्यावरून तो तीनदा वाचला.

एक गोष्ट मला खटकत होती. हा माणूस कुणाच्याच गाडीच्या स्टिअरिंगला बसत नाही. त्यांची स्वतःची मारुती आठशे होती. १९८३ साली आलेल्या त्या गाडीचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं आणि नाना सांगतात, त्यानंतर चालवण्यात राम उरला नाही, म्हणून विकली. खरं कारण काकूंनी सांगितलं, तेही मी नानांची चप्पल मागायला गेलो म्हणून. त्यांच्या दारात नानांची एकच चप्पल होती, दुसरी पार्किंगमध्ये कुठेतरी. "निसटली तरी कळत नाही त्यांना. डायबेटिस. तळपाय बधिर झालेत. पाय ब्रेकवर आहे की अॅक्सिलरेटरवर, हे एकदा खाली वाकून बघावं लागलं. त्याच आठवड्यात गाडी विकली."

मला नाना तरीही त्रासदायकच वाटतात, हे नोंदवून ठेवतो.

गाडी परत आल्यावर टेस्ट झाली. साठवरून हलका ब्रेक. काही नाही, लोण्यासारखं.

"पायाला?"

"काही नाही, नाना."

"काही नाही म्हणजे काय? नीट सांगा."

मग मी सांगू लागलो. पेडल आधी किती मऊ लागतं, पॅड कुठे धरतात, तळव्याखाली काय जाणवतं, टाचेला काय. थोडं पदरचंही घातलं. नाना डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा उजवा पाय समोरचं पायपुसणं दाबत होता. सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले, "आता डावीकडे घ्या."

"तिकडे रस्ता मोकळा आहे?"

"तिकडे तोंडली स्वस्त आहेत."