गोलघुमट रद्द, हत्तीमोट कायम

मुक्कामाची सहल, म्हणजे घराबाहेर किमान एक रात्र काढून पाहिलेले ऐतिहासिक शहर, ही व्याख्या ज्याच्या मनात पक्की बसलेली असते अशा नियोजकाची त्याच्या पत्नीशी रहिमतपूर स्थानकाच्या फलाटावर झालेली चर्चा पुढे दिली आहे. मिरजेपर्यंत रेल्वेने आणि तेथून एस.टी.ने विजापूर, म्हणजे 2014 पासून अधिकृतपणे विजयपुरा, गाठण्याचे ठरले होते. परंतु रुळांच्या कामामुळे गाडी रद्द झाल्याची घोषणा झाली आणि ती तिसऱ्यांदा ऐकल्यावरच नियोजकाचा तिच्यावर विश्वास बसला.

नियोजक : (हातातील कागद पाहत) सव्वातीनला गोलघुमट, साडेतीनला त्याचा सज्जा. घुमटाच्या आतून फिरणाऱ्या त्या सज्जात एका टोकाला कुजबुजलेले समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते!

पत्नी : अहो, घरात शेजारी बसून सांगितलेले ऐकू येत नाही, त्याची सोय आधी पाहा.

नियोजक : प्रश्न इतिहासाचा आहे. तो घुमट बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाचा असून मधे एकही खांब नाही. 1656 साली निवर्तलेल्या मुहम्मद आदिलशहाची ती कबर. त्याच्या काळातले काही पाहिल्याशिवाय ही सुट्टी सत्कारणी लागणार नाही.

चहावाला : त्याच बादशहाचा सरदार रणदुल्लाखान. त्याच्या नावाची मशीद आपल्या गावातच हाय की साहेब.

(रणदुल्लाखान हा विजापूरचा नामांकित सेनानी होता आणि 1638 मध्ये बंगळूर जिंकणाऱ्या ज्या मोहिमेत शहाजीराजे होते तिचे नेतृत्व त्याच्याकडे होते. नियोजकाला हे सारे ठाऊक होते. मात्र ते पुस्तकात वाचलेले असल्यामुळे त्याचा आपल्या गावाशी काही संबंध असेल असे त्याला कधी वाटले नव्हते.)

नियोजक : गावातली वास्तू प्रेक्षणीय स्थळ ठरत नाही. तिथे पाहणाऱ्याला घाई नसते, आणि बाहेर टोप्या विकणारा नसतो.

चहावाला : टोपी बाजारपेठेत मिळंल.

पत्नी : आणि हत्तीमोट? सासूबाई दर पाहुण्याला सांगायच्या, अन् दरवेळी पाहुणे चहा पिऊन परस्पर साताऱ्याला जायचे.

या वास्तूपुढे थोडे थांबणे आवश्यक आहे. मोट ही विहिरीतून पाणी उपसण्याची चामड्याची मोठी पिशवी असून, बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, नाडा ओढत खाली गेले की ती भरून वर येते आणि काठावरच्या थारोळ्यात रिकामी होते. रहिमतपुरात हे काम हत्तीवर सोपवलेले होते, आणि पाणी शेताला नव्हे तर मशिदीनजीकच्या सुमारे 50 फूट उंच बुरुजावर चढवले जात असे, कारण मशिदीतले कारंजे उडण्यासाठी लागणारा दाब पाणी तेवढ्या उंचीवरून उतरल्याशिवाय मिळाला नसता. गच्चीवर प्लास्टिकची टाकी बसवणारा गृहस्थ आजही हेच तत्त्व पाळतो. त्याला फक्त हत्ती पोसावा लागत नाही. गोलघुमटाच्या आकाराने माणूस दिपतो हे खरे, परंतु एका कारंज्यासाठी हत्ती राबवण्याची कल्पना ज्या कारागिराला सुचली त्याची बुद्धी त्या घुमटाखालीही उठून दिसली असती.

नियोजक : (खोडरबर काढत) ठीक आहे. सव्वातीनला मशीद, साडेतीनला हत्तीमोट. पण मुक्काम? ऐतिहासिक गावात एक रात्र काढावी लागते.

पत्नी : लग्नापासून काढतेच आहे.

चहावाला : नाटककार वसंत कानेटकरांचा जन्मबी इथलाच. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’वाले.

पत्नी : पाहा! रायगडाला जाग आणणारा माणूस या मातीत जन्मला, आणि यांना सकाळी नऊपर्यंत जाग येत नाही.

नियोजक : तेही लिहून घेतो. म्हणजे सहल रद्द झालेली नाही, केवळ स्थळ बदलले आहे.

पत्नी : मान्य. मग बाकीची कलमेही तशीच राहू द्या. तिसऱ्या ओळीत ‘दोन दिवस घरातील स्त्रीने स्वयंपाक करू नये’ असे तुमच्याच अक्षरात आहे.

नियोजक : ते विजापूरला उद्देशून होते.

पत्नी : तुम्हीच म्हणालात, स्थळ केवळ बदलले आहे. आणि रात्री साडेआठला काय लिहिले आहे?

नियोजक : (हळू आवाजात) ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी.

पत्नी : पीठ डब्यात आहे. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना पीठ मळायला सांगत नाहीत.

नियोजक : मग भाकरी थापणार कोण?

पत्नी : नियोजन ज्याचे, तो.

चहावाला : पीठ गरम पाण्यात भिजवा साहेब, न्हाईतर थापताना चिरतीया.

नियोजकाने कागद गुडघ्यावर ठेवला, ‘रात्री 8.30 – भोजन’ ही ओळ खोडली, आणि बराच विचार करून तिथे 11.00 असे लिहिले.